उभ्यानं जेवणारा पिंजारी

वसमतपासून शिरड शहापूरपर्यंत अन् इकडं डोंगरकड्यापर्यंत, माझ्या हातच्या गादीवर बसला न्हाई असा एक माणूस दाखवा, मी धंदा सोडून देतो. तसा एक माणूस हाय, तो मीच. तीन वर्षं मला कोणत्याच गादीवर बसता आलं न्हाई.

माझं नाव महेबूब, पण समदे बाबूभाई म्हणतात. जातीचा पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा-रजया भरायच्या, हेच काम. शाळेत मी एकदाच गेलो व्हतो, गुरुजीच्या खुर्चीची गादी भरायला. त्याच्यामुळं हे मी बोलून राहिलो अन् माझा साला रफिक लिहून राहिला. रफिक दहावी नापास हाय, पण आमच्या खानदानात तेवढाच शिकलेला. घरात आमी दखनी बोलतो, पण इथं समदं मराठीत सांगतो, काहून की रफिकला तेच लिहिता येतं. जिथं लाजेची गोष्ट येईल तिथं मी त्याला म्हणतो, कान बंद करून लिही. तो म्हणतो, "दुल्हेभाई, कान बंद केले तं लिहू काय?" म्हणून थोडं मागंपुढं झालं असंल तं त्याची चूक.

मला सांगायचं व्हतं का? न्हाई. नांदेडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बाबूभाई, तुमच्यासारखे पुष्कळ लोक आहेत, पण तोंड उघडत नाहीत. तुम्ही एवढं बोलता, हेही बोला." म्हणून बोलून राहिलो.

निखारा

गादीला टाके घालायचे म्हंजे गादीवरच बसावं लागतं. एक पाय मुडपून त्याची टाच ढुंगणाखाली घ्यायची, लांब सुई वरून खाली, खालून वर, दोरा ओढायचा, गाठ मारायची. चाळीस वर्षं मी तसाच बसलो. लग्नसराईत तं सकाळी बसलो की दुपारच्यालाच उठायचो. नवरीच्या गादीला उशीर झाला तं सासरचे लोक नवरीला बोलतात, पिंजाऱ्याला न्हाई.

एक दिवस टाके घालता घालता खाली कायतरी जळलं. कुठं? आता रफिक, कान बंद कर. दोन मांड्यांच्या मधी, सायकलची सीट लागते ना, बराबर तिथं. मला वाटलं सुई राहिली गादीत. उठून बघितलं, सुई कानाला व्हती, जिथं मी ती नेहमी खोचतो. पुन्हा बसलो, पुन्हा जळलं. उभा राहिलो तं थांबलं.

पिंजाऱ्याला एकच भ्याव असतं, कापसात निखारा जायचं. वरून कापूस पांढराच दिसतो, आतून जळत जातो, अन् धूर निघंपर्यंत कुणालाच कळत न्हाई. माझं तसंच झालं. वरून मी धडधाकट. चालतो, बोलतो, हसवतो. बसलो की आत निखारा. आठ दिवसांनी जाईल म्हणलं. महिन्यानं जाईल म्हणलं. मंग म्हणायचंच सोडलं.

कमर

आता माझी सगळ्यात मोठी अक्कल ऐका.

मी गावात कशाचीबी मस्करी करणारा माणूस. स्वतःच्या टकलाची, स्वतःच्या लग्नाची, सासऱ्यानं मला बघून पोरगी द्यायला न्हाई म्हणलं व्हतं त्याची. पण डॉक्टरनं पहिल्यांदा विचारलं, "कुठं दुखतं?" तं माझ्या तोंडातून निघालं, "कमर."

कमर म्हणायला काय लाज न्हाई. साऱ्या मोंढ्याची कमर दुखते. हळदीची पोती उचलणाऱ्याची दुखते, मोटारसायकलवाल्याची दुखते. डॉक्टरनंबी कमरच लिहिली. मंग कमरेचा फोटो, कमरेचा पट्टा, कमरेला शेक, कमरेला मालिश, कमरेचं ते मोठं मशीन ज्याच्यात आडवं घालून आत ढकलतात अन् ठाक ठाक करतात. प्रत्येक डॉक्टर आधीच्याचा कागद बघायचा, कागदावर कमर, तोबी कमरेतच शोधायचा. एक डॉक्टर म्हणाला, "काका, तुमची कमर तर माझ्यापेक्षा चांगली आहे." ते ऐकून मला रडू आलं अन् मी हसलो. त्याला वाटलं मी नाटक करतो.

मला माहीत व्हतं का की मी चुकीचं सांगून राहिलो? माहीत व्हतं. पण एकदा कमर म्हणल्यावर आता दुसऱ्या कुण्या तोंडानं सांगू? बायकोलाबी कमरच सांगितली. जुबेदा रोज कमरेला तेल लावायची. मी पालथा पडून ते तेल लावून घ्यायचो अन् मनात म्हणायचो, या माझे अल्लाह, हिचे हात दुखतात अन् तेलबी वाया चाललं.

उभा माणूस

माणूस दिवसातून किती वेळा बसतो ते बसता येईना तवा कळतं.

एसटीत अर्धी गाडी रिकामी अन् मी दांडी धरून उभा. कंडक्टर म्हणायचा, "काका, बसा की, का वजन करून राहिले गाडीला?" मी म्हणायचो, "उभ्याचं तिकीट काढलं हाय." लोक हसायचे. कुणाच्या घरी मयत झाली की आमच्याकडं जाऊन बसतात, दोन शब्द बोलतात. मी दारातच उभा राहायचो. एक म्हातारा म्हणाला, "याला घाई हाय वाटतं." तवापासून मी मयतीलाबी जायचं सोडलं. मशिदीत नमाजला उभं राहणं जमायचं, बसायची वेळ आली की दात आवळायचो. हाफीजसाहेबानं ते बघितलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जसं जमतं तसं पढा. न्हाई जमलं तं पडून पढा. ज्याच्यासाठी पढता तो बघून राहिला." एवढंच. कुठं दुखतं विचारलं न्हाई. त्या तीन वर्षांत मला न विचारणारा तो एकच माणूस.

अन् जेवण. आमच्याकडं दस्तरखान पसरतात, म्हंजे जमिनीवर चादर, चारी बाजूनं घरचे बसतात, मधी भांडे. जुबेदा, तिची आई, रफिक, त्याची बायको, समदे खाली, अन् मी खिडकीच्या फळीवर ताट ठेवून उभा. घोड्यावानी. खाली ते काय बोलतात, काय हसतात, मला अर्धं ऐकू यायचं. कुणी कुणाच्या ताटात मटणाची बोटी टाकली, कुणी पाणी मागितलं. माझ्या फळीवर कुणी काय टाकणार? मी तोंड खिडकीकडं करून खायचो. बाहेर शेजाऱ्याची शेळी बघायची माझ्याकडं. तिला मी रोज शेवटचा तुकडा द्यायचो. रफिक म्हणतो हे लिहायचं न्हाई. मी म्हणतो, लिही.

मला बाकी काय नको व्हतं, खरं सांगतो. धंदा रफिक करत व्हता. मला फक्त एकदा त्या चादरीवर बसून घरच्यांसोबत जेवायचं व्हतं.

एक दुपार अशी आली की मी भाजीत मीठ न्हाई म्हणून बोललो. जुबेदा सकाळपासून माझ्या जागेवर बसून टाके घालून राहिली व्हती. तिची बोटं सोललेली. ती म्हणाली, "मीठ बराबर हाय. उभ्यानं गिळलं तं चव कशी कळंल?" मी ताट फेकलं. ताट गेलं भिंतीकडं उभ्या ठेवलेल्या गादीवर. नवरीची गादी, लाल साटनाची, संध्याकाळी न्यायला येणार व्हते. समदा रस्सा त्याच्यावर.

जुबेदानं गादी आडवी केली, कात्री घेतली अन् एकएक टाका उसवायला बसली. खोळ धुतली, खराब कापूस काढला, पुन्हा भरली, पुन्हा टाके घातले. अन् मी, चाळीस वर्षांचा कारागीर, तिथं उभा. तिच्याजवळ बसून दोन टाकेबी घालता येईनात. सुई ओवून देऊ का म्हणलं. तिनं सुई दिली न्हाई.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली न्हाई. दोन दिवस मी जोक केला न्हाई. घरच्यांना त्याचंच जास्त भ्याव वाटलं.

विंग्रजी संडास

नांदेडला एका मोठ्या दवाखान्यात कमरेच्याच डॉक्टरकडं नंबर लावला व्हता. उभा राहून राहून पाय भरून आले. मंग संडासला जावं लागलं. आमच्या घरी आपली साधी, पायावर बसायची. इथं विंग्रजी, खुर्चीसारखी. मी दार लावलं, जीव मुठीत धरून टेकलो, अन् वाट बघितली.

जळलंच न्हाई.

मी हलून बघितलं. पुढं झुकून बघितलं. न्हाई जळलं. तीन वर्षांत पहिल्यांदा माझं वजन माझ्या पायावर नव्हतं. मी डोळे मिटले. काम कधीच झालं व्हतं, पण मी उठलोच न्हाई. बाहेरून लोक दार वाजवायला लागले. मी "हाय, हाय" म्हणत राहिलो. मंग रफिकचा आवाज आला, "दुल्हेभाई, जिते हैं क्या?" मंग सफाईवाल्या मावशीचा, "ओ बाबा, निघा बाहेर, घर हाय का हे?"

मी आतून म्हणलं, "मावशी, धा मिनिटं बसू द्या. तीन वर्षानं बसलोय."

दार वाजवायचं थांबलं.

मावशी भली बाई. तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. ती जाऊन बाजूच्या खोलीतल्या डॉक्टर मॅडमला सांगून आली. या मॅडम कमरेच्या नव्हत्या, दुखण्याच्या डॉक्टर व्हत्या. फक्त जुनं दुखणंच बघतात. त्यांनी मला बोलावलं. मी त्यांच्यासमोर उभाच राहिलो.

"खुर्चीवर दुखतं?"

"व्हय."

"कमोडवर नाही दुखत?"

"न्हाई."

"झोपल्यावर?"

"न्हाई."

"नेमकं कुठं दुखतं?"

"कमर."

मॅडमनं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बाबूभाई, कमर कमोडला लागत नाही. जे कमोडला लागत नाही अन् खुर्चीला लागतं, ते सांगा."

मी रफिकला बाहेर घालवलं. भिंतीकडं बघून सांगितलं. हातानं दाखवलं. सांगताना माझ्या कानाच्या पाळ्या इतक्या तापल्या की तिथं सुई खोचली असती तं वितळली असती. मॅडम हसल्या न्हाईत. त्यांनी एक कागद घेतला, त्याच्यावर माणसाचं खालचं हाड काढलं अन् एक रेघ. म्हणाल्या, ही नस. इथं आत दबून बसली असावी. तुम्ही बसता तेव्हा तिच्यावर दाब येतो. कमोडला मधी मोकळी जागा असते, म्हणून तिथं येत नाही.

"याच्यात लाजण्यासारखं काय आहे? नस आहे."

मी म्हणलं, "मॅडम, तीन वर्षं..."

"हो. तीन वर्षं तुम्ही कमर सांगितली, डॉक्टरांनी कमर बघितली."

माझं नशीब म्हणावं तं नशिबाला काय दोष द्यावा? दुखण्याला जागा व्हती, नाव व्हतं, बघणारा डॉक्टरबी व्हता. माझी जीभच खोटी निघाली. तवा मला कळलं न्हाई की बरं वाटावं का थोबाडात मारून घ्यावी. मी जाता जाता मावशीला सलाम केला. ती म्हणाली, "जा बाबा, नीट जा."

माझी कारागिरी

मॅडमनं सांगितलं, मधी मोकळी जागा असलेली मऊ गादी मेडिकलवाल्याकडं भेटते, ती घ्या, तेवढ्यानं थोडा आराम पडंल. मी म्हणलं, "मॅडम, पिंजाऱ्याला गादी विकत घ्यायला लावता?"

घरी आलो. घोड्याच्या नालेसारखं कापड कापलं, कापूस पिंजला अन् गादी भरली. आता पिंजाऱ्याची इज्जत कशात असते? कडक भरण्यात. गादीवर बोट दाबलं की बोट बाहेर फेकलं पाहिजे. ढिली गादी म्हंजे कापूस चोरला. मी ती नाल इतकी ठासली की जमिनीवर ठेवली तं वाजली.

जुबेदानं बोट दाबून बघितलं. तिला आता खरी जागा माहीत झाली व्हती, तेलाची बाटली तिनं कोनाड्यात ठेवून दिली व्हती, एक शब्द न बोलता. ती म्हणाली, "जरा कापूस कमी करा. डॉक्टरनी मऊ म्हणलं."

मी म्हणलं, "तू मला गादी भरायला शिकवू नको."

बसलो. दोन मिनिटांत घाम. पण मी म्हणलं, "झकास." अन् उठून फळीपाशी गेलो.

चार तास

मॅडमनं नक्की करायला बधिर करायची एक सुई दिली, त्या नसेजवळ. म्हणाल्या, दुखणं गेलं तर समजायचं नस तीच. पण हे काही तासांपुरतंच आहे, लक्षात ठेवा.

मी लक्षात ठेवलं न्हाई. एसटीत खिडकीपाशी बसलो. बसलो! नांदेड ते वसमत. कंडक्टर तोच. म्हणाला, "काका, आज उभ्याचं तिकीट संपलं का?" घरी आलो तवा दस्तरखान पसरलं व्हतं. मी जुबेदाच्या बाजूला जाऊन बसलो. तिच्या आईनं माझ्या ताटात बोटी टाकली. मी गोष्ट सांगायला लागलो, संडासची, मावशीचा आवाज काढून. समदे लोटपोट.

गोष्ट अर्ध्यावर असताना खाली कुणीतरी काडी ओढल्यावानी झालं.

मी बोलत राहिलो. मंग निखारा पेटला. मी बोलत राहिलो. समदे अजून हसत व्हते. मंग माझा आवाजच बंद झाला. हातात घास तसाच, मी उठलो. माझ्या आयुष्यात मी कोणती गोष्ट अर्धी सोडली न्हाई, ती सोडली.

जुबेदानं माझं ताट उचललं, खिडकीच्या फळीवर ठेवलं, अन् आपलंबी ताट आणून बाजूला ठेवलं. आमी दोघंबी उभ्यानं जेवलो. शेळीकडं कुणी बघितलं न्हाई.

दुर्बीण

नस तीच निघाली. मॅडमनं हैदराबादच्या एका डॉक्टरकडं चिठ्ठी दिली. रेल्वेत मी आडवा झोपून गेलो, पोत्यावानी.

तिथला डॉक्टर जवान व्हता. म्हणाला, पोट कापायचं न्हाई, पोटाला चार बारीक भोकं, त्याच्यातून दुर्बीण अन् अवजार आत. नस आतल्या दोन कडक पट्ट्यांच्या मधी दबली हाय, ती सोडवायची.

मी म्हणलं, "समजलं. टाका जास्त ओढला की दोरा कापडात रुततो. तो सैल करायचा."

"बराबर," तो म्हणाला.

"मंग बरं व्हईल?"

तो म्हणाला, "चाचा, झूठ न्हाई बोलणार. कुणाला चांगला आराम पडतो. कुणाला अर्धा. कुणाला काहीच न्हाई. अन् सुरुवातीला जास्तबी दुखू शकतं. दबलेली नस लवकर शांत व्हत न्हाई. महिने लागतात."

आता सांगा, माणसानं काय करावं? न्हाई म्हणलं तं फळी अन् शेळी. व्हय म्हणलं तं कुणाला माहीत. मी जुबेदाकडं बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडं काहून बघता? नस तुमची हाय." पण तिचा हात माझ्या सदऱ्याला धरलेला व्हता.

ऑपरेशनच्या कागदावर अंगठा लावला. इतक्या जोरात दाबला की खालच्या कागदावरबी उमटला. सिस्टर म्हणाली, "एकच पाहिजे होता." मी म्हणलं, "दुसरा ठेवून द्या, न्हाई बरा झालो तं कामाला येईल."

आत नेलं तवा थंडी लय. मी तिथल्या लोकांना एक जोक सांगितला. समद्यांच्या तोंडावर पट्टी, हसले का न्हाई ते आजपर्यंत कळलं न्हाई. माझे दात वाजत व्हते. एका जणानं माझा हात धरला, म्हणाला, "चाचा, गिनती बोला." मला धापर्यंत येते. चारपर्यंत गेलो.

जाग आली तं खांदा दुखून राहिला. उजवा खांदा, मरणाचा. मी म्हणलं, झालं! खाली सांगितलं अन् यांनी खांद्याचं ऑपरेशन केलं! आरडाओरडा केला. सिस्टर आली, म्हणाली, पोटात हवा भरतात, ती खांद्याला लागते, दोन दिवसांत जाईल. लघवीला नळी, पोटाला चार पट्ट्या. खाली काय व्हतं ते बघायची हिंमत व्हईना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं खुर्चीवर बसवून बघितलं. आधीपेक्षा जास्त जळलं. मी भिंतीकडं तोंड करून पडलो. सिस्टर म्हणाली, "रडायचं असेल तर आत्ता रडून घ्या. चारला भेटायला लोक येतात." मी रडलो. तिनं पडदा ओढला. चारला जुबेदा आली तवा मी तिला खांद्याची गोष्ट सांगितली. ती हसली न्हाई, तिला पडद्यामागचं माहीत व्हतं.

पुन्हा कमर

घरी आल्यावर पहिले दोन महिने मी कुणाला सांगू नये तसे काढले. पडून राहायचं, छत बघायचं. बाजूला पिंजायचं मशीन चालायचं, जुबेदा अन् रफिक काम करायचे, कापूस उडून माझ्या तोंडावर यायचा. मला वाटायचं असाच थर साचत जाईल अन् एक दिवस मला गादी समजून कुणी टाके घालून देईल. फोनवर डॉक्टरला विचारलं की एकच, "थांबा चाचा." किती थांबू? "थांबा."

बघायला लोक यायचे. समोरचा चहावाला आला, विचारलं, "कशाचं ऑपरेशन केलं, बाबूभाई?"

अन् मी, इतकं समदं झाल्यावर, काय म्हणलं? "कमरेचं."

आतून जुबेदाचा आवाज आला, "खरं सांगा! न्हाई तं पुन्हा कमरेचाच पट्टा बांधीन."

मंग मी चहावाल्याला खरं सांगितलं. मला वाटलं आता साऱ्या गल्लीत हसं व्हईल. तो म्हणाला, "माझ्या मोठ्या भावाला असंच हाय. दोन वर्षं झाली. मूळव्याध म्हणून सांगतो." मंग जवळ सरकून हळूच म्हणाला, "त्या मॅडमचा दवाखाना नांदेडला कुठं म्हणले?"

भाऊ गेला दाखवायला. त्याचं काय निघालं ते त्यानं मला सांगितलं न्हाई, मीबी विचारलं न्हाई.

दस्तरखान

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मी रोज नालेवर बसून बघायचो. कोंबडं आरवल्यावानी जुबेदा घड्याळ बघून सांगायची, "एक मिनिट." कधी दोन. मंग पुन्हा एक. कुठं काय फरक न्हाई. मी नाल भिंतीवर फेकली अन् म्हणलं, संपलं, मी त्या तिसऱ्या लोकातला, ज्यांना काहीच फरक पडत न्हाई.

आठ दिवस ती तशीच कोपऱ्यात पडली. मंग जुबेदानं आणून पुढं ठेवली. म्हणाली, "बसा."

बसलो. पाच मिनिटं गेली. निखारा व्हता, पण राखेखाली. मी म्हणलं, गादी मुरली. चांगला कापूस असाच असतो, वेळ लागतो, पण मुरतो. दुसऱ्या आठवड्यात धा मिनिटं. मधीच एखादा दिवस असा यायचा की एक मिनिटबी न्हाई, अन् मी पुन्हा छताकडं बघत पडायचो. डॉक्टर म्हणाला, चांगलं हाय, पण जास्त उड्या मारू नका. उड्या? मला बसायचं व्हतं.

हे झालं सहाव्या महिन्यात, एका जुम्म्याच्या दुपारी. दस्तरखान पसरलं. मी फळीकडं जायला निघालो, सवयीनं. तिथं माझं ताट नव्हतं. खाली व्हतं, जुबेदाच्या बाजूला, अन् समोर नाल ठेवलेली.

बसलो. कुणी माझ्याकडं बघितलं न्हाई, म्हंजे समदे बघून राहिले व्हते. पहिला घास. दुसरा. सासूनं बोटी टाकली. रफिकनं पाणी दिलं. मी मनात मोजत व्हतो, धापर्यंत, मंग पुन्हा एकपासून. थोडं जळत व्हतं, आजबी जळतं, अर्धं दुखणं माझ्याजवळच हाय, अन् डॉक्टर म्हणतो अजून वर्ष बघू. पण ताट संपलं. बोटांना लागलेलंबी चाटलं. अन् मी बसलेलाच.

आता रडलो तं रफिक लिहून ठेवंल, म्हणून मी नालेवर थाप मारली अन् मोठ्यानं म्हणलं, "बघितलं का? हैदराबादचा डॉक्टर एकीकडं अन् ही गादी एकीकडं! याला म्हणतात चाळीस वर्षांचा हात! भरावी तं महेबूब पिंजाऱ्यानं!"

जुबेदा भाकरी मोडत व्हती. तिनं वरबी बघितलं न्हाई.

"तुमी फेकली त्याच दिवशी उसवून त्याच्यातला अर्धा कापूस मी काढला," ती म्हणाली. "तुमी भरला व्हता तो दगड व्हता. बसले तं बसले, अंडं घातल्यावानी वरडू नका."